फियाट टॅक्सी, छोटी, फुल पेंट

प्रिय पेंटरमामा,

सप्रेम नमस्कार.

उद्यमनगरातल्या तुमच्या गॅरेजमधून गाडी घेऊन निघाले त्याला आज नऊ दिवस झाले. त्या संध्याकाळी तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्ही ट्रकच्या केबिनला रंग मारायला वळला होतात, तोंडाला फडकं बांधलेलं होतं, कंप्रेसर सुरू होता, आणि मला बोलायला गेले तर रडू आलं असतं. म्हणून रिक्षा धरली आणि घरी आले. जे बोलायचं राहिलं ते लिहितेय. तुमच्या मुलाला सांगा, मोबाइलवर वाचून दाखवेल. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं पत्र लिहितेय, कारण तुमच्यासारखी माणसं कोल्हापुरात आहेत हे चार लोकांना कळायला हवं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी हुबेहूब छोट्या गाड्या बनवते. पोरांच्या खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीची मापं घेऊन, त्यांना चोवीसने भागून, त्याच बरहुकूम केलेल्या. त्याला १:२४ स्केल म्हणतात. पहिली केली ती तामिया या जपानी कंपनीच्या किटमधली १९६६ ची फोक्सवॅगन बीटल. तिच्यावर हात बसला आणि मग हा नाद सुटलाच नाही. इंजिनाच्या वायरी मोबाइलच्या तुटक्या चार्जरमधल्या तांब्याच्या तारेच्या, क्रोमची पट्टी चॉकलेटच्या चांदीची, पायाखालच्या मॅटला जुन्या मखमलीचा तुकडा. शाळेतून आले, स्वयंपाक उरकला, बाबांना औषधं दिली की मग टेबलावरचा दिवा लावायचा. दिवसातला तो दीड तास माझा.

पण या सगळ्या गाड्यांच्या आधीपासून एकच गाडी डोळ्यांसमोर होती, बाबांची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणायचे. काळी-पिवळी. बाबांनी मुंबईत ३१ वर्षं टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती गाडी, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे सलग बाकडं. आमची शिक्षणं, बहिणीचं लग्न, गावचं घर, सगळं त्या बाकड्यावर बसून झालेलं. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बाबा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. मधुमेहाने डोळे गेल्यातच जमा आहेत, समोर फक्त उजेड-सावली कळते. तरी बसले होते. बातमी संपल्यावर म्हणाले, "रंग दिसत होता का गं नीट? चकाकत होती?" त्या रात्री मी ठरवलं.

आपल्या पद्मिनीचं किट मला कुठेच मिळालं नाही. मग बॉडी थ्रीडी प्रिंट करून घ्यायची ठरवली. एकाने फोटो आणि मापं घेतली, साडेचार हजार रुपये आगाऊ घेतले आणि पाच महिन्यांनी जे पाठवलं ते बघून मी खाली बसले. छप्पर चपटं, काचेचे खांब वाकडे, डावं दार उजव्यापेक्षा अरुंद, अंगभर पायऱ्यांसारख्या रेषा. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, शोकेसमध्ये ठेवायचंय ना? कोण मोजतंय?" मी मोजते. माझ्या बाबांनी त्या दारात ३१ वर्षं कोपर टेकवलंय, ते दार किती रुंद होतं ते मला माहीत आहे. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

ती बॉडी मी फेकली नाही. सात महिने घासली. छप्पर कापून नवं बसवलं, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, पाणी पेपरने उतरवली, पुन्हा भरली. दाराच्या फटी सुईने कोरल्या. पावसाळ्याच्या तोंडावर ती पद्मिनीसारखी दिसायला लागली. छप्पर पिवळं केलं, ते झाकलं आणि आषाढातल्या एका दुपारी गॅलरीत उभी राहून खाली काळा मारला.

काळा रंग कुणाचं काही लपवत नाही. आणि त्या दिवशी हवा पाण्याने जड झालेली. दहा मिनिटांत काळ्या बॉडीवर पांढरट धुकं चढलं. जणू कुणी तिच्यावर फुंकर मारली आणि तो श्वास तिथेच गोठला. पुसून जाईना. वरून आणखी एक हात मारला, तो आणखी पांढरा. मला वाटलं, सात महिने गेले.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तिथे बसायला सोफा, एसी, चहाचं मशीन. काउंटरवरच्या मुलाने बॉडी एका हाताने उचलली, दुसऱ्या हातात त्याचा फोन होता. "हे? इथे खेळणी नाही रंगवत," म्हणाला आणि ठेवताना काचेचा एक खांब मोडला. सॉरीसुद्धा म्हणाला नाही. बाहेर आले तेव्हा पाऊस लागलेला. बॉडी ओढणीत गुंडाळून मी तुमच्या गॅरेजच्या पत्र्याखाली उभी राहिले. खरं सांगते मामा, तुमच्याकडे काम घेऊन आलेच नव्हते. आडोशाला आले होते.

तुम्ही विचारलंत, "काय हाय हातात?" मी ओढणी उघडली. तुम्ही बघितलंत, पण हात लावला नाहीत. आधी नळावर गेलात, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतलेत, शर्टाला पुसलेत आणि मग दोन्ही तळवे पुढे केलेत. मी बॉडी तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही ती उजेडाला धरून डाव्या बाजूने बघितलीत, उजव्या बाजूने बघितलीत आणि म्हणालात, "फियाट. टॅक्सी. रंग पांढरा पडलाय, पावसानं." मी काही सांगायच्या आधी.

आणि मग तुम्ही रजिस्टर काढलंत.

मामा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते हेच आहे. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. लाल कापडी पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर, कडेला तेलाचे अंगठे, सुतळीला बांधलेलं पेन. वरच्या ओळीत 'बोलेरो, मागचा बंपर', त्याखाली 'स्प्लेंडर, टाकी'. तिसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंत, 'फियाट टॅक्सी, छोटी, फुल पेंट'. मग मान वर करून विचारलंत, "नंबर?"

मी म्हटलं, "मामा, याची कशाला नोंद?"

तुम्ही म्हणालात, "गाडी आलीया म्हटल्यावर नोंद करायला नको व्हय?"

मी बाबांच्या टॅक्सीचा नंबर सांगितला. एमएच यायच्या आधीचा, जुन्या पद्धतीचा. माझ्या लहानपणापासून पाठ असलेला. तो तुम्ही एकेक आकडा विचारत लिहिलात. मग "मालक?" म्हणून विचारलंत. मी बाबांचं नाव सांगितलं आणि तेही तुम्ही लिहिलंत. बाबांचं नाव त्या गाडीच्या नंबरासमोर शेवटचं कुणी आणि कधी लिहिलं असेल? गाडी विकली त्या दिवशी, कुठल्या तरी फॉर्मवर.

पुढची सगळी हकिकत इथे मांडत नाही, ती तुमची विद्या आहे. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही थेट गन उचलली नाहीत. "आत काय हाय? फायबर का प्लॅस्टिक?" मी म्हटलं, रेझिन. तुम्ही तिचा उरलेला तुकडा मागितलात. माझ्या डबीत प्रिंटच्या आधाराच्या काड्या होत्या. त्यातल्या एकीवर थिनरचा थेंब टाकून तुम्ही पाव तास थांबलात आणि नखाने दाबून बघितलंत. बाहेर बोलेरोवाला हॉर्न वाजवत होता. तुम्ही त्याला हात केलात, थांब म्हणून. एका काडीसाठी.

दुसरी गोष्ट रंगाच्या थराची. मी म्हटलं, खऱ्या गाडीवर रंग साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, तेवढाच हिच्यावर बसला तर हिच्या मापाने तो अडीच मिलिमीटरच्या आसपास होतो, म्हणून दाराच्या फटी बुजतायत. तुम्ही गाल खाजवत क्षणभर विचार केलात. "म्हंजे मी एक हात मारला की हिच्यावर चोवीस हात बसणार." इतकी वर्षं मी लोकांना स्केल समजावून सांगतेय. इतकं नेमकं मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

मग म्हणालात, "आज न्हाई. हवा ओली हाय. ऊन पडलं की फोन करतो." मला वाटलं झालं, आता हेही फोन करणार नाहीत. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि सकाळी साडेआठला तुमचा फोन आला.

त्या दुपारी मी तुमच्या मागे उभी होते. मोडलेला खांब तुम्ही आधीच जोडून ठेवला होतात, जोड कुठे आहे ते मला शोधावं लागलं. छोटी टचअप गन, सावकाश वाळणारं थिनर, त्यात रंगाचा जेमतेम वास. तुम्ही लांबून, नुसता दवाचा पडदा सोडावा तसा फवारा सोडलात. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते धुकं विरघळायला लागलं. आधी बॉनेटवरून, मग दारावरून. आत अडकलेलं पाणी निघून गेलं आणि खालून काळा वर आला. तुमच्या पत्र्यातल्या भोकातून पडणारा कवडसा तिच्या दारात दिसला. मग दोन पातळ हात काळ्याचे. फटी तशाच्या तशा, सुईने कोरलेल्या.

पैसे विचारले तर चाळीस रुपये म्हणालात, थिनरचे. मी जास्त देऊ लागले, तुम्ही घेतले नाहीत. पण चाळीस घेतलेत, हेही मला आवडलं. फुकट केलं असतंत तर ते पोरीच्या हट्टापायी केलेलं झालं असतं. तुम्ही काम केलंत आणि कामाचा दाम घेतलात.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षानळी फुटली तर मुलं आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मी ओरडणार की विचारणार म्हणून. तुमच्याकडून आल्यापासून मी आधी विचारते, काय करत होतास? समोरच्याने हातात काय धरलंय ते नीट बघणं, त्याला त्याचं जे नाव आहे त्या नावाने हाक मारणं, एवढंच तुम्ही केलंत. त्याला ना एसी लागतो, ना सोफा. माझ्या आजीच्या गावात कुंभार असा होता, लग्नाची बोळकी आणि पोरींच्या भातुकलीची बोळकी एकाच भट्टीत, एकाच निगुतीने भाजायचा. शिकलेल्या, पैसेवाल्या माणसांकडे मला हे सापडलं नाही मामा, आणि पावसात आडोशाला उभी राहिले तिथे सापडलं. चांगली माणसं कमी झालीत असं घरी-दारी ऐकू येतं. मला आता तसं वाटत नाही. ती आपल्या कामात मान खाली घालून असतात, म्हणून दिसत नाहीत.

आता बाबांचं सांगते, तेच तुम्हाला ऐकायचं असेल. चाकं, काचा, आतलं बाकडं, वरचं कॅरिअर बसवून झालं आणि परवा मी गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी आधी दोन्ही हातांनी लांबी बघितली. मग अंगठा बॉनेटवरून वर गेला, काचेवरून छपरावर, कॅरिअरच्या एकेका दांडीवरून मागे. तिथून खाली डिकीवर. पुन्हा पुढे आले. दाराच्या फटीत नख घातलं आणि तिथेच थांबले. बराच वेळ. मग डावा हात पुढच्या डाव्या मडगार्डवर गेला, काचेच्या खाली चाचपत राहिला. मला कळेना काय शोधतायत.

"मीटर कुठाय?" बाबा म्हणाले.

मीटर बाकी होतं मामा. बाहेर डाव्या अंगाला असायचं ते, लोखंडी, झेंडीवालं. पितळेच्या पत्र्याचं करायला घेतलं होतं, ते टेबलावरच राहिलं होतं. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवसांत बसवते." ते म्हणाले, "बसव. मीटर पाडल्याशिवाय गाडी काढायची नाही." आणि हसले. किती महिन्यांनी हसले ते मी सांगत नाही. मग विचारलं, "काळा चांगला लागलाय. कुणी मारला?" नुसत्या बोटांनी त्यांना कळलं. मी तुमचं सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. त्यांचं नाव मालकाच्या रकान्यात लिहिलंय हे ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. गाडी मात्र रात्री झोपेपर्यंत खाली ठेवली नाही.

काल रात्री मीटर बसवलं. झेंडी वर-खाली होते.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "डिलिव्हरीची सही ऱ्हायली. मालकाची लागंल." तेव्हा घाईत मला ते नीट कळलं नव्हतं. येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाबांना रिक्षाने घेऊन येते. त्यांना रकाना दिसणार नाही, बोट तेवढं तुम्ही धरून ठेवा. सही ते अजून झोकात करतात.

तुमची,
छोट्या फियाटवाली ताई