बेलापूरच्या टाक्या सांभाळणाऱ्या काकांना जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

दिवाळे कोळीवाड्याजवळच्या टाक्यांवर तुम्ही चिलापी (तिलापिया मासा) सांभाळलीत, त्याबद्दल हे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत. एका टाकीतले मासे उपाशी ठेवायचे, दुसऱ्या टाकीतल्यांना खाद्य द्यायचं आणि दोन्हींच्या रक्तातली वाढीची संप्रेरकं ताडून बघायची, असा हा प्रयोग. माशाच्या रक्तातलं संप्रेरक प्रयोगशाळेत मोजलं जातं खरं, पण तो आकडा विश्वासाचा निघणार की नाही, हे टाकीपाशीच ठरतं.

तुमचा प्रश्न नेमका होता: उपाशी माशाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन वाढतं म्हणता, मग मासा वाढत का नाही? मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन रक्तात येतं. ते यकृताला मिळालं की यकृत आयजीएफ-1 हे दुसरं संप्रेरक तयार करतं, आणि स्नायू व हाडं वाढवण्याचं बरंचसं काम हे दुसरं करतं. मासा काही आठवडे उपाशी राहिला की यकृतातले ग्रोथ हार्मोन पकडणारे रिसेप्टर कमी होतात. पत्र येत राहतं, दार उघडायला कुणी नसतं. आयजीएफ-1 घसरतं. एरवी पीयूषिकेला आवर घालणारं तेच असतं, त्यामुळे ते कमी झालं की ग्रोथ हार्मोन आणखी चढतं. हे चढलेलं हार्मोन वायाही जात नाही, ते अंगातली चरबी फोडून माशाला इंधन पुरवतं. सॅमन आणि ट्राउट माशांत ही साखळी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसली होती. चिलापीतही कल तोच असतो, पण किती दिवसांनी दिसेल ते माशाच्या वयावर आणि पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. म्हणून एकट्या ग्रोथ हार्मोनवरून मासा वाढतोय असं म्हणता येत नाही, जोडीला आयजीएफ-1 आणि वजन हवंच.

आता तुमच्या कामाबद्दल. चिलापीला उपाशी ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही. खाद्य बंद केलं तरी ती भिंतीवरचं शेवाळ खरवडते, हिरव्या पाण्यातले कण गाळून खाते, तळाची विष्ठासुद्धा चघळते. तुम्ही टाक्यांवर शेडनेट ओढलंत, रोज भिंती घासल्यात, तळ सायफनने काढलात. त्याहून मोलाचं म्हणजे हेच सगळं खाणाऱ्या टाकीतही केलंत. नाहीतर दोन्हींतला फरक उपासाचा की घासण्याच्या धास्तीचा, हे कसं ओळखणार? खाद्याच्या वेळी उपाशी टाकीपाशीही रिकामा डबा घेऊन तितकाच वेळ उभं राहायचं, ही तुमचीच सूचना. ती आता आमच्या कामाच्या पद्धतीत कायमची आली आहे.

खाद्याचा हिशेब तर चोख. 150 ग्रॅमच्या 100 माशांचं वजन 15 किलो, त्याच्या 3 टक्के म्हणजे दिवसाला 450 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ 225. वीस मिनिटांनी उरलेल्या गोळ्या जाळीने काढून, सुकवून मग वजन केलंत. ओल्या गोळ्यांत पाणी भरलेलं असतं, तसंच वजन केलं तर मासा खरोखर खातो त्यापेक्षा कमी खाल्ल्यासारखा दिसतो.

रक्त काढायच्या दिवशी सगळ्यात जास्त चुका होतात. लवंग तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी दहापट अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, मग 10 लिटर पाण्याला अर्धा ते एक मिली तेल पडेल इतकं ओतायचं. मासा कलला, शेपटीला चिमटा घेतला तरी हलेना, की लगेच बाहेर. रक्त गोठू न देणारं हेपरिन लावलेल्या सिरिंजची सुई शेपटीच्या मुळाशी खालच्या मध्यरेषेतून मणक्यापर्यंत न्यायची आणि दट्ट्या हळू ओढायचा. घाईने ओढलं, किंवा सुई न काढताच नळीत दाबलं, तर पेशी फुटून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, लाल होतो. हातजाळीमागे मासा पळत राहिला तर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि बाकीचे आकडेही बिघडतात. तुम्ही एका झटक्यात, पाणी न ढवळता मासा उचलत होता, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या माशाचं रक्त एकमेकांशी ताडून बघता येतं. लवंग तेलातून गेलेला एकही मासा बाजारात जाऊ दिला नाहीत, हेही लिहून ठेवण्यासारखं.

यकृत मात्र विसरू नये. बर्फावर काढून वजन करायचं, त्याला माशाच्या वजनाने भागून 100 ने गुणायचं. उपाशी माशात हा आकडा उतरतो, फिकट आणि आक्रसलेलं यकृत तर साध्या डोळ्यांनाही ओळखू येतं. हार्मोनची तपासणी महागडी असते. हे मोजायला चांगला वजनकाटा पुरतो.

तलाववाल्यांना ‘वाढीची पावडर’ विकायला येणाऱ्यांबद्दलही तुम्ही विचारलंत. ग्रोथ हार्मोन हे प्रथिन आहे, खाद्यातून दिलं तर बहुतेक पोटातच पचून जातं. आणि मासा उपाशी असेल तर यकृत ऐकतच नाही. पैसे चांगल्या खाद्यावर घाला. वाहतुकीआधी एक दिवस खाद्य बंद ठेवण्यात भीती नाही, उलट पोट रिकामं राहून पिशवीतलं पाणी कमी नासतं. जिताड्याला मात्र उपाशी ठेवायच्या आधी मापाप्रमाणे वेगळं करा, मोठे लहानांना गिळतात.

उपाशी टाकीला पुन्हा खाद्य सुरू झालं की आयजीएफ-1 सावरतं आणि काही काळ मासे झपाट्याने भरतात. त्या दिवसांत एकदम पोटभर देऊ नका, दोनऐवजी तीन-चार वेळा थोडं थोडं द्या आणि एअर पंप रात्रीही चालू ठेवा. प्रत्येक वजन तुमच्याच वहीत, तुमच्याच पद्धतीने लिहा.

तुमचे ऋणी,
टाक्यांवर तुमच्याबरोबर काम करणारे आम्ही सगळे