हॉर्मोन्सचा प्रश्न हसण्यावारी नेला नाहीत म्हणून, ताई

ताई,

तुमचं नाव इथे टाकत नाहीये, टाकलं असतं तर सगळ्यात आधी तुमचाच फोन आला असता झापायला. पण पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासारखं रिसर्च कोऑर्डिनेटर नावाचं माणूस नक्की करतं काय हे बाहेर कुणाला दिसतच नाही. बातमीत औषधाचं नाव येतं, डॉक्टरांची नावं येतात, आणि आमच्यासारख्यांना अभ्यासात आणून शेवटपर्यंत टिकवून ठेवणारी बाई कुठेच नसते.

मी ट्रान्स वुमन, म्हणजे जन्मावेळी पुरुष नोंद झालेली पण स्वतःला स्त्री मानणारी, आणि मी प्रेप घेते. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, एचआयव्ही होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसाने आधीपासून घ्यायचं औषध. तुमच्याकडे आले तेव्हा माझा एकच प्रश्न होता, या गोळीने माझ्या हॉर्मोन्सचं, म्हणजे शरीर बाईचं व्हावं म्हणून मी घेते त्या औषधांचं, काही बिघडणार नाही ना? हाच प्रश्न आधी दुसऱ्या एका ठिकाणी (कुठे ते सोडा) विचारला होता तर उत्तर मिळालं की आधी जीव सांभाळ, ती हौस नंतर. हौस! आमच्यातल्या कितीतरी जणींना दोन्हीतलं एकच घे म्हटलं तर त्या हॉर्मोन्स घेतील आणि गोळी बाजूला ठेवतील, आणि मला तरी त्यात मूर्खपणा दिसत नाही, कारण ज्या शरीरात चोवीस तास राहायचंय ते आपलं वाटायला लागतं ते त्यांच्यामुळेच.

तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात आणि सरळ माहिती दिलीत. थायलंडमध्ये 20 ट्रान्स वुमनवर झालेला अभ्यास सांगितलात, छोटाच आहे हेही सांगितलंत, की प्रेपमुळे इस्ट्रोजेनच्या, म्हणजे स्त्री-हॉर्मोनच्या, पातळीत म्हणावा असा फरक पडला नाही, उलट हॉर्मोन्स चालू असताना रक्तातलं टेनोफोव्हिर, म्हणजे प्रेपच्या गोळीतलं औषध, साधारण 13 टक्के कमी दिसलं. म्हणजे मी घाबरत होते ते भलत्याच बाजूने. आणि मग रोजची गोळी न चुकवता घेतली तर एवढ्या फरकाने संरक्षण जात नाही, पण संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एक-एक अशी जी पद्धत आहे ती माझ्यासाठी नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये ती जन्मावेळी पुरुष नोंद झालेल्यांना चालेल म्हटलं तरी इस्ट्रोजेनवाले हॉर्मोन्स घेणाऱ्यांना त्यातून वगळलंय, हे पण तुम्हीच सांगितलंत. नाहीतर मी मित्रांचं बघून तेच केलं असतं की!

आयप्रेक्स या प्रेपच्या गोळीवरच्या मोठ्या अभ्यासाची गोष्ट तर मी आता सगळ्यांना सांगत फिरते. 2010 मध्ये त्याचे निकाल आले, 2,499 लोक, गोळी चालते हे पहिल्यांदा त्यातूनच कळलं, सगळे खूश. त्यात ट्रान्स वुमन होत्या पण पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष याच गठ्ठ्यात घातलेल्या. आकडे नीट वेगळे काढून छापले गेले 2015 मध्ये, तेव्हा दिसलं की त्या 339 होत्या, आणि त्यांच्यापुरतं बघितलं तर खऱ्या गोळीच्या गटात 11 जणींना संसर्ग आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीच्या गटात 10 जणींना. मी हे ऐकून हादरलेच होते. मग तुम्ही पुढचं सांगितलंत, त्या 11 जणींपैकी संसर्ग सापडला त्या वेळी एकीच्याही रक्तात औषध नव्हतं. गोळी निकामी नव्हती, ती पोटात जातच नव्हती. आणि का जात नव्हती हे त्यांना तेव्हाच बसवून विचारलं असतं तर पाच वर्षं वाचली असती, असं माझं आपलं मत. तुम्ही नुसत्या हसलात, म्हणजे तुमचंही तेच असणार.

म्हणून तुमच्या फॉर्मवरच्या त्या दोन प्रश्नांचं मला एवढं कौतुक. आत्ता तुम्ही स्वतःला काय मानता, आणि जन्माच्या वेळी नोंद काय झाली होती. एकाच प्रश्नात पुरुष की स्त्री विचारलं तर मी स्त्रीवर टिक करणार आणि मोजणीतून गायब होणार, आणि तिसरा रकाना ‘इतर’ ठेवला तर ट्रान्स वुमन, ट्रान्स मॅन (जन्मावेळी स्त्री नोंद, पण स्वतः पुरुष), नॉनबायनरी (स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी एकाच खान्यात न बसवणारे) सगळ्यांची खिचडी. हाक मात्र माझ्याच नावाने, कागदावरचं जुनं नाव फक्त जिथे कायद्याने लागतंच तिथे, बाकी सॅम्पलच्या ट्यूबवर नुसता नंबर. यासाठी तुम्ही लॅबवाल्यांशी किती भांडलात ते मला दुसऱ्यांकडून कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत.

आणि सल्लागार गटाला, म्हणजे अभ्यासाला सल्ला देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गटाला, तुम्ही प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) पक्का व्हायच्या आधी बोलावलंत, हे विसरले तर पाप लागेल. बहुतेक ठिकाणी सगळं ठरल्यावर फोटोपुरतं बोलावतात आणि चहा देऊन पाठवतात. इथे आम्ही म्हटलं की सकाळी नऊची अपॉइंटमेंट रात्री काम करणाऱ्यांना जमत नाही, तर वेळ बदलली. हॉर्मोन्सचा सल्ला आणि प्रेप एकाच भेटीत द्या म्हटलं, त्याला वेळ लागला पण झालं. अभ्यास संपल्यावर निकाल आम्हालाच आधी, आमच्या भाषेत, समोर बसवून सांगितलात. रक्त घेऊन गेले ते गेलेच, हा आमच्याकडच्या जुन्या लोकांचा अनुभव, त्यामुळे त्या दिवशी काही जणींचे चेहरे बघण्यासारखे होते.

मोठ्या अभ्यासांतही बदल दिसतोय म्हणा. कॅबोटेग्राव्हिर या प्रेपच्या इंजेक्शनच्या एचपीटीएन 083 नावाच्या अभ्यासात किमान 10 टक्के ट्रान्स वुमन हव्यात असं आधीच ठरवलं होतं आणि 4,566 लोकांमध्ये 570 झाल्या. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर या दुसऱ्या प्रेप इंजेक्शनच्या पर्पज 2 अभ्यासात तर ट्रान्स मेन आणि नॉनबायनरी लोकही होते, 2024 मध्ये निकाल आले, इंजेक्शन घेतलेल्या 2,179 पैकी फक्त दोघांना संसर्ग. ठरवलं की माणसं सापडतात, ‘ते लोक येतच नाहीत’ ही सबब आता चालू नये.

आता कामाचं. पुढच्या मीटिंगला मी येतेय आणि माझ्याबरोबर दोन ट्रान्स मॅन मित्र येतायत, तुम्हीच म्हणाला होतात ना त्यांचा आवाज गटात कमी पडतो म्हणून. त्यांची यादी तयार आहे. टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हॉर्मोन) चालू असलं म्हणजे गर्भ राहत नाही असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय, ते खरं नाही हे आधी नीट समजावा, आणि गर्भाशयमुखाची तपासणी बायकांच्या रांगेत न बसता कशी करता येईल यावर त्यांना बोलायचंय. एक जण फार लाजाळू आहे, त्याला पहिल्याच मीटिंगमध्ये बोलायला लावू नका. दुसऱ्याला थांबवावं लागेल.

तुमची,
सल्लागार गटातली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी