चिखल आभाळातून पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘डोंगरउतारावरून चिखलाचे लोंढे, पावसापुढे यंत्रणा हतबल’ ही आपल्या कालच्या अंकातील बातमी वाचली. कालच लिहायला बसलो असतो तर शब्द आवरले नसते, म्हणून आज लिहीत आहे.

आपल्या वार्ताहराने अडकलेल्या गाड्या मोजल्या, रस्ता किती तास बंद होता ते लिहिले, पंप कुठे लावले तेही लिहिले. त्याबद्दल त्यांचे आभार. पण हा चिखल आला कुठून, एवढे एक वाक्य संपूर्ण बातमीत कुठे सापडले नाही. आभाळातून पडले ते पाणी. माती त्या उतारावर कोणीतरी बांधकामासाठी उघडी करून ठेवली होती. कोणी, कोणाच्या परवानगीने आणि पावसाळा तोंडावर आलेला असताना का, हे विचारायचे सोडून सगळा दोष पावसाच्या माथी मारून आपण मोकळे झालात.

माझी सगळी नोकरी मृद्‌संधारणात, म्हणजे जमिनीची धूप रोखण्याच्या कामात गेली. ‘माथा ते पायथा’ हा आमच्या कामाचा पहिला धडा. पाणी वर अडवायचे आणि मग एकेक टप्पा खाली उतरायचे. चर समतल रेषेत, म्हणजे उताराला आडवे आणि सगळीकडे सारख्याच उंचीवर खणायचे, मग पाण्याला पळायला वाव राहत नाही. साधा शेतकरीसुद्धा उताराला आडवी नांगरट करतो, बांध फुटला तर भर पावसात जाऊन तो धरतो. आणि इथे हाताशी इंजिनिअर, नकाशे, यंत्रे सगळे असताना अख्खा उतार माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका दमात सोलून काढला. गवताचा एक पट्टा मध्ये राखला नाही. खणून काढलेली माती तिथेच उताराच्या कडेला लोटून दिली. त्या ढिगावर साधी ताडपत्रीसुद्धा नव्हती.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे घर त्याच उताराच्या पायथ्याशी आहे आणि पाऊस सुरू होण्याआधी मी स्वतः त्या साइटवर गेलो होतो. गाळ अडवण्यासाठी म्हणून रस्त्याच्या कडेने एक हिरवी जाळी बांधली होती. तिचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर लोंबत होता, पलीकडचा उजेड दिसत होता. गाळ अडवायचा तर कापड साध्या हिरव्या जाळीचे चालत नाही, विणीचे घट्ट लागते. त्याचा खालचा काठ सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती दाबावी लागते. ते उताराला आडवे, समतल रेषेत धरावे लागते आणि दोन्ही टोके चढाकडे वळवावी लागतात, तेव्हा कुठे पाणी मागे तुंबते आणि गाळ खाली बसतो. गाळ कापडाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की उपसावा लागतो. तिथल्या तरुण इंजिनिअरला मी हे सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, जाळी दाखवावी लागते म्हणून लावलीय. पाऊस येऊ द्या, मग बघू.” त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या वरिष्ठांनी त्याला तेवढेच सांगितले असणार.

मग मी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला. पोच घेतली. तिथे मला सांगण्यात आले की नकाशा आम्ही मंजूर करतो, पण माती बघायला आमच्याकडे माणूस नाही. तपासणी कधी होते, असे विचारले तर उत्तर मिळाले, काम पूर्ण झाल्यावर. म्हणजे माती वाहून गेल्यावर, वर फरशी बसल्यावर!

पहिल्याच मोठ्या पावसात व्हायचे तेच झाले. पाणी जाळीखालून सरळ निघाले, ढिगाचा अर्धा भाग घेऊन आले आणि आमच्या गल्लीत शिरले. माझ्या घराला दोन पायऱ्या आहेत, माझे थोडक्यात निभावले. शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्याच राहतात, त्यांचे घर रस्त्याच्या पातळीला. रात्री आत आलेला गाळ दारामागे साचला आणि आत उघडणारे ते दार काही केल्या उघडेना. गल्लीतल्या मुलांनी खिडकीचे गज काढून त्यांना बाहेर आणले. ऐंशीच्या घरातली बाई, पायात चप्पल नाही, अंगावरची साडी कमरेपर्यंत चिखलाने माखलेली, आणि तोंडाने एकच वाक्य, “माझी औषधं आत राहिली.” आपल्या बातमीत ‘काही घरांत पाणी शिरले’ असे जे चार शब्द आहेत, त्यातले एक घर हे.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. नुकसानीच्या कारणापुढे काय लिहिले, तर ‘अतिवृष्टी’. मी तिथेच हरकत घेतली, अर्जाची पोच दाखवली. पण कारणाच्या रकान्यात बांधकामाचे नाव लिहिण्याची सोय नाही, असे मला सांगितले गेले. संपादक महोदय, माझे खरे दुखणे इथे आहे. कागदावर एकदा ‘अतिवृष्टी’ उमटली की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. पुढच्या वर्षी दुसरा उतार, दुसरी जाळी, आणि पुन्हा तेच कारण. त्यात आपल्यासारख्या वर्तमानपत्राने ‘पावसापुढे हतबल’ असा मथळा दिला, तर त्या रकान्यावर आपणही सही केल्यासारखे होते.

पाऊस आपल्या हातात नाही, हे मला कोणी सांगायला नको. वॉल्टर विश्मायर आणि ड्वाइट स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जमिनीच्या धुपीचा हिशेब करण्यासाठी बसवलेले समीकरण जगभर शिकवले जाते, आम्हीही तेच वापरले. त्यात पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी, त्याचा चढ, जमिनीवरचे आच्छादन आणि बंदोबस्ताचे उपाय एवढ्या गोष्टींचा गुणाकार येतो. यातले पहिले दोन निसर्गाचे, आणि चढही बराचसा त्याचाच. पण सलग उताराचे तुकडे पाडणे, जमीन झाकून ठेवणे आणि बंदोबस्त करणे ही माणसाची कामे आहेत. आणि गुणाकार असल्यामुळे यातला एक आकडा जरी खाली आणला तरी सगळी धूप त्याच प्रमाणात खाली येते. पाऊस तेवढाच पडला तरी.

मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर असतो. गवत असेल, पेंढा असेल, काथ्याची जाळी अंथरलेली असेल, तर तो मारा त्यावर बसतो. उघड्या मातीत तो कण फोडून सुटे करतो, आणि मागून येणारे पाणी ते उचलून नेते. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५ लाख लिटर पाणी झाले. झाडीखालची जमीन त्यातले बरेचसे पिऊन टाकते. डंपर आणि पोकलेन फिरून दाबून टाकलेली जमीन जवळजवळ काहीच पीत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेच म्हटले आहे की बांधकामाच्या जागेवरून शेतजमिनीच्या १० ते २० पट आणि जंगलाच्या १,००० ते २,००० पट वेगाने गाळ वाहून जातो. नद्यांचे अभ्यासक एम. गॉर्डन वोल्मन यांनी तर १९६७ सालीच अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या नद्यांवरून दाखवून दिले होते की बांधकाम चालू असतानाच्या थोड्या काळात नदीत येणारा गाळ एकदम उसळी घेतो. म्हणजे धोका नेमका त्याच काळात असतो, ज्या काळात आपल्याकडे तपासायला माणूस नसतो.

आणि माती एकदा खाली आली की उपाय उरत नाही. बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात दोन-अडीच मिनिटांत एक मीटर खाली बसतो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशाएवढ्या कणाला त्याच अंतराला तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हलले नाही तर. त्यामुळे गटारे उपसून, पंप लावून जे निघते ते वाळू-खडे. तांबडे पाणी ओढ्यातून नदीत जायचे ते जातेच. तिथे ते माशांच्या कल्ल्यांत अडकते, अंडी घालायच्या खडीवर थर बसवते. आणि उपसलेला गाळसुद्धा गटाराच्या काठावरच टाकून ठेवतात, पुढच्या सरीत तो परत आत.

करायचे काय, हे कोणाला माहीत नाही असेही नाही. उतार टप्प्याटप्प्याने खणावा, जेवढे झाकता येईल तेवढेच उघडावे. वरून येणारे स्वच्छ पाणी खोदकामाच्या माथ्यावरच चर काढून बाजूने वळवावे. एवढ्यानेच निम्मा त्रास टळतो, हा माझा अनुभव आहे. खाली गाळ बसण्यासाठी तळे ठेवावे. डंपर बाहेर पडतो तिथे जाड खडी टाकावी, म्हणजे चाकांची माती रस्त्यावर येत नाही. अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर खोदकाम करायचे तर पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि काम १४ दिवसांहून अधिक थांबणार असेल तर उघडी जमीन ताबडतोब झाकायला सुरुवात करावी लागते. तिथे सगळे सुरळीत आहे असे मी म्हणत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गढूळपणावर २००९ साली घातलेली मर्यादा बांधकाम व्यावसायिकांच्या विरोधानंतर २०१४ मध्ये मागे घेतली गेली. तरीही काम चालू असताना ठरावीक दिवसांनी कोणीतरी जाऊन जागा बघायची असते, हे तिथे कागदावर तरी आहे.

आणखी एक. त्याच पानावर तांबड्या पाण्यात उड्या मारणाऱ्या मुलांचा फोटो आपण ‘पहिल्या पावसाची मौज’ या ओळीखाली छापला आहे. कृपा करून असे फोटो छापू नका. त्या पाण्याखाली उघडे चेंबर असते, गजांचे तुकडे असतात. साइटवर काँक्रीटचा मिक्सर धुतात, त्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो, म्हणजे ते अतिशय क्षारधर्मी असते, त्याने कातडी भाजते. ती मुले आमच्या गल्लीतली आहेत. त्यातल्या दोघांनी आदल्या रात्री त्या बाईंना खिडकीतून बाहेर काढले होते. फोटो छापायचाच होता तर तो छापायचा होता.

उताराचा अर्धा ढीग अजून वरच आहे आणि जाळी तशीच लोंबते आहे. पुढचा मोठा पाऊस येण्याआधी आपल्या वार्ताहराला तिथे पाठवा. माझ्या अर्जाच्या शिक्का मारलेल्या पोचपावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तो अर्ज मिळाल्यावर कोणी काय केले, हे त्यांनी त्या कार्यालयात जाऊन विचारावे आणि मिळेल ते उत्तर, अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह, आपण छापावे.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक
(नाव व पत्ता प्रसिद्धीसाठी नाही)