केळीच्या भावाशेजारी दवाखान्याचे वारही छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात केळीचे भाव रोज ठरावीक जागी छापून येतात आणि आमच्या गावात सकाळी पेपर उघडला की आधी तेच पान वाचले जाते. त्याच नेमाने सरकारी दवाखान्यांतील सेवांची आगाऊ माहिती छापावी, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. आरोग्य शिबिरांच्या बातम्या आपण देता, पण त्या बहुधा शिबिर उरकल्यावर, मान्यवरांच्या छायाचित्रासह येतात. ज्याला तपासून घ्यायचे होते, त्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका सालदाराबरोबर मी त्याच्या 12 वर्षांच्या मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो होतो. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. गारठा वाढला किंवा अंगातले पाणी कमी झाले की त्याचे हातपाय इतके दुखतात की आई रात्रभर चोळत बसते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात ज्या 21 प्रकारांची नोंद आहे, त्यात सिकलसेलही आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्यायची होती. पहाटेची एसटी धरली, बापाचा मालकाकडे खाडा पडला. दारावर तपासणीच्या वाराचा कागद चिकटवलेला होता, पण ओल लागून शाई पसरल्यामुळे तो वाचता येत नव्हता. शेवटी शिपायाने सांगितले, "डॉक्टर बुधवारले येतस." तो दिवस शुक्रवारचा होता. मूल बाकावर आडवे झाले होते, त्याला तसेच उठवून आम्ही परत आलो. पुढच्या बुधवारी गेलो तेव्हा डॉक्टरांनी आपुलकीने तपासले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण वार आधी कळला असता तर त्या लेकराची एक फेरी आणि त्याच्या बापाचा एक खाडा वाचला असता.

सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये हा आजार घरोघरी ऐकू येतो. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. ही तपासणी आपल्या पाड्यावर कोणत्या दिवशी होणार, हे आदल्या आठवड्यात कळले तर मजूर माणूस त्या दिवशी घरी थांबू शकेल. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची मोफत तपासणी होते, हेही अनेक घरांत, विशेषतः सासूबाईंना, माहीत नसते. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तरी आमच्याकडचे वृद्ध केसपेपरसाठी आजही कनवटीची सुटी नाणी मोजून ठेवतात.

आशाताई निरोप पोहोचवतात, पण त्यांच्यावर आधीच कामाचा भार आहे आणि तालुक्याच्या रुग्णालयातील विशेषज्ञांचे वार त्यांनाही दरवेळी वेळेवर कळवले जात नाहीत.

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या आवृत्त्यांत दर सोमवारी अर्ध्या रकान्याची जागा राखून ठेवावी आणि जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयांतून माहिती मागवून त्या आठवड्यातील विशेषज्ञांचे वार, दिव्यांग तपासणीचा दिवस, सोनोग्राफीची वेळ आणि शिबिरांची गावे तेथे छापावीत. अक्षर मोठे असावे, कारण आमच्या पारावर एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. डॉक्टर रजेवर असतील किंवा शिबिर रद्द झाले असेल तर तेही आदल्या दिवशी त्याच जागी छापावे, म्हणजे पहाटेच्या एसटीसाठी कुणी उगाच उठणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव