तीनदा गॅस्केट बदललं, गळती तशीच: बुलेटच्या कस्टम कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक: १८ जून २०२५

विषय: १९९४ च्या बुलेट ३५० वर आपल्या बडोदा शाखेने केलेलं कस्टम काम, त्यानंतरची ऑइलगळती आणि फसलेल्या तीन दुरुस्त्या.

महोदय,

स. न. वि. वि.

आठ महिने आपल्या बडोदा शाखेत खेटे घालून झाले, म्हणून आता थेट आपल्याला लिहितो आहे. शाखेतल्या मंडळींशी माझं भांडण नाही. चहा दर वेळी चांगला मिळाला. काम मात्र एकदाही झालं नाही.

गाडी माझ्या वडिलांची. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते आणि या गाडीला त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही. ते गेल्यावर चार वर्षं ती दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. मुलाने हट्ट धरला म्हणून आपल्याकडे बॉबर (जादा भाग काढून आटोपशीर केलेली गाडी) करायला दिली. टाकी, हँडल, सीट, मागचं मडगार्ड, रंग आणि इंजिन उघडून नवा पिस्टन व रिंगा, असं सगळं मिळून १,८५,००० रुपये दिले. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाडी ताब्यात मिळाली. देखणी झाली होती, हे मी नाकारत नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोटा फरशीवर ताटलीएवढा काळा डाग होता आणि त्यात एक पाकळी चिकटलेली.

शाखेत गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ हसून म्हणाले, "बुलेट छे साहेब, थोडुं तो टपके ज." म्हणजे थोडं तर ठिबकणारच. बुलेटवाल्यांमधला हा जुना विनोद मलाही ठाऊक आहे. पण पाझरणं, ठिबकणं आणि गळणं यांत फरक असतो. वडिलांच्या हातात ही गाडी पाझरायची. रविवारी फडकं फिरवलं की आठवडा निघायचा. तुमच्या हातून आल्यावर ती गळायला लागली. इंजिनात सव्वादोन लिटर ऑइल मावतं, त्यातलं अर्धा लिटर ३०० किलोमीटरमध्ये जमिनीवर आणि मागच्या चाकावर जात होतं.

मागच्या चाकावर, हे शब्द कृपया दोनदा वाचा. डिसेंबरात माझा मुलगा पावागडला गेला होता. माचीपर्यंतचा घाट चढून उतरला आणि घरी आला तेव्हा त्याचा डावा बूट आतपर्यंत भिजला होता. टायरची डावी बाजू ओल्या शाळिग्रामासारखी चमकत होती. एखाद्या वळणावर चाक सरकलं असतं तर हे पत्र वेगळ्या कागदावर लिहावं लागलं असतं. त्या दिवसापासून गाडी मुलाच्या हातात दिलेली नाही.

आता आपल्या दुरुस्त्यांकडे येतो. नोव्हेंबरात हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांमधला सांधा बंद ठेवणारं पातळ अस्तर) आणि वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरच्या डब्यांची, म्हणजे रॉकर बॉक्सची, गॅस्केटं बदलली, ४,२०० रुपये. बारा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. जानेवारीत प्रायमरी चेनकेसचा (इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या साखळीच्या बंद खोक्याचा) रबरी सील आणि गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागचा, म्हणजे दातेरी चाकामागचा, ऑइल सील बदलला, ६,८५० रुपये. या मॉडेलचं चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर बसतं. तो नट इतका आवळला होता की झाकणाच्या कडा बाहेर उचलल्या गेल्या आणि गळती उलट वाढली. मार्चमध्ये बिलावर 'कम्प्लीट लीकप्रूफिंग' असं लिहून ९,३०० रुपये घेतले. त्या लीकप्रूफिंगमध्ये काय होतं, ते मला मे महिन्यात कळलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काम केलं आहे. मोटारसायकलचा मिस्त्री नाही, पण दोन पृष्ठभाग एकमेकांवर का बसत नाहीत हे शोधण्यात माझी उमर गेली. मेच्या सुट्टीत मुलाला सोबत घेऊन मी स्वतः तपासायला बसलो. तुमच्या शाखेत तिन्ही वेळा थेंब जिथे पडतो तिथला भाग बदलला गेला. चालत्या गाडीत ऑइल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जातं. थेंब जमिनीवर पडतो तो वाटेतल्या शेवटच्या स्टेशनावरून. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा असतो. आम्ही इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुतलं, पंख्याखाली रात्रभर वाळवलं आणि त्यावर पांढरी पावडर भुरभुरली. आईने कौतुकाने रांगोळीचा डबा पुढे केला होता, पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती इंजिनाच्या सांध्याजवळ नको, म्हणून अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर वापरली. आई अजून नाराज आहे.

दहा मिनिटं गाडी जागेवर चालवली. पावडर फक्त एका जागी काळी पडली: रॉकरकडे ऑइल नेणाऱ्या बाहेरच्या नळीच्या बँजो बोल्टपाशी, म्हणजे आतून ऑइल जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टपाशी. तिथले तांब्याचे वॉशर काढले तर ते दगडासारखे कडक, म्हणजे जुनेच परत बसवलेले. गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले, मऊ झाले, पॉलिश पेपरवर घासून लावले. ती गळती संपली. खर्च शून्य रुपये. हेड गॅस्केट बदलताना ही नळी काढावीच लागते, म्हणजे हे वॉशर नोव्हेंबरात तुमच्या माणसाच्या हातात होते.

पुन्हा धुऊन, पावडर लावून हालोलच्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने फेरी मारली. घरी येऊन पाहिलं तर हेडचा सांधा, चेनकेस, टायमिंग कव्हर, स्प्रॉकेटचा सील, सगळीकडे पावडरचा चिखल. जागेवर कोरडी असलेली गाडी वेगात चहूबाजूंनी गळते, तेव्हा दोष एका गॅस्केटचा नसतो. आतून काहीतरी ढकलत असतं.

आणि ते काय आहे, हे आपल्या इंजिनिअरांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. पिस्टन एकदा खाली आला की क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद कप्प्यातली, ३४६ सीसी हवा दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. सिलिंडर एकच, त्यामुळे त्याच वेळी वर जाऊन ती हवा सामावून घेणारा दुसरा पिस्टन नाही. म्हणून क्रँककेसला ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारी वाट, असते. आमच्या गाडीला जाड रबरी नळी होती आणि तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप. हवा बाहेर जायची, परत आत यायची नाही. दिसायला ती नळी ओबडधोबड होती, खरं आहे. तुमच्या डिझाइनवाल्यांना ती खुपली असावी. त्यांनी ती काढली, पेन्सिलीएवढी तांब्याची नळी फ्रेमच्या आतून सीटखाली नेली आणि टोकाला चमकणारा छोटा फिल्टर लावला. झडप गायब. एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण टाकीखालच्या वळणावर ती नळी दाबून चपटी झाली आहे. मी काढून तोंडाने फुंकून पाहिली. गाल दुखले, पलीकडे हवा आली नाही.

तुम्ही इंजिनाचं नाक दाबलंत आणि मग आठ महिने त्याचं तोंड पुसत बसलात.

रिंगा खराब असतील, कॉम्प्रेशन खाली उतरत असेल, असं उत्तर येईल म्हणून आधीच सांगतो: किकवर उभं राहिलं तरी ती दबत नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, प्लग कोरडा व तपकिरी आहे. शिवाय रिंगा तुम्हीच बसवल्या आहेत. खात्रीसाठी आम्ही तुमची नळी बाजूला ठेवली, क्रँककेसला जाड पारदर्शक नळी जोडली, बाजारातून आणलेली झडप तिला लावली आणि टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडून बाटली फ्रेमला सुतळीने बांधली. झाकणाला भोक ठेवलं. पुन्हा तोच हालोलचा रस्ता, तोच वेग. हेड कोरडं. टायमिंग कव्हर कोरडं. स्प्रॉकेटच्या सीलला पुसटशी ओल. चेनकेस तेवढं गळत राहिलं, कारण त्याचं झाकण वाकलं आहे. काचेवर उलटं ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर एका कडेला ०.५ मिलिमीटरचं पातं आरपार जातं. बाटलीत दोन चमचे ऑइल जमलं. १,८५,००० रुपयांच्या गाडीला शेवटी बिसलेरीची बाटली कामी आली, हे शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करतो.

आता ते 'लीकप्रूफिंग'. ऑइल बदलायला म्हणून फिल्टर काढला, तर त्याच्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर) शेवयांसारखे नारिंगी धागे. सिलिकॉन. मार्चमध्ये प्रत्येक सांध्यावर बोटभर जाडीचा थर दिला होता; जेवढा बाहेर दिसत होता तेवढाच आतही दाबला गेला आणि गरम ऑइलात सुटून फिरायला लागला. त्यातला एक धागा बिग एंडच्या (पिस्टनचा दांडा खाली क्रँकला जोडला जातो त्या सांध्याच्या) ऑइलच्या वाटेत अडकला असता तर इंजिन जाम झालं असतं. ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या खालच्या बुचाला) टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, नळाला गुंडाळतात तशी, कारण ॲल्युमिनियमच्या केसमधले आटे आवळून आवळून मारले गेले आहेत. प्लंबिंग आणि इंजिन ही दोन वेगळी खाती आहेत, एवढं तरी आपण शाखेला कळवावं.

माझं मागणं असं. तिन्ही दुरुस्त्यांचे मिळून २०,३५० रुपये परत करावेत. इंजिन पूर्ण उघडून पंप, ऑइलच्या वाटा आणि सांधे यांतलं सिलिकॉन साफ करावं, ड्रेन प्लगच्या जागी हेलिकॉइल (मारल्या गेलेल्या आट्यांऐवजी बसवायची तारेची गुंडाळी) बसवावा आणि चेनकेसचं झाकण नवं द्यावं. हे सगळं आपल्या खर्चाने. ब्रीदर मूळच्या मापाचा, झडपेसह बसवावा. तो दिसेल, याला माझी हरकत नाही. काढून घेतलेली जुनी नळी आणि बाकीचे मूळ भाग परत करावेत; ते वडिलांच्या हातचे आहेत आणि भंगारात दिले असतील तर तसं लेखी कळवावं. काम त्याच शाखेत होणार असेल तर इंजिन बंद करण्यापूर्वी मला बोलवावं. मी मध्ये बोलणार नाही, फक्त बघेन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी बडोद्याच्या जिल्हा आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार करायची सोय या कायद्यात आहे, त्यासाठी पुण्याला यावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि तिन्ही बिलं माझ्या फाइलमध्ये आहेत. सोबत त्यांच्या प्रती आणि पावडर लावलेल्या इंजिनाचे आधीचे-नंतरचे फोटो जोडले आहेत.

चपटी झालेली नळी आणि सिलिकॉनचे धागे मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवले आहेत. आपला माणूस पाहायला येणार असेल तर आधी फोन करून यावं, आणि दुपारी दोन ते चार सोडून. त्या वेळात आई झोपते, आणि तुमच्या कंपनीचं नाव काढलं की तिची झोप उडते.

कळावे,

आपला,
(सही)
गाडीमालक, दांडिया बाजार, बडोदा