आई, टीव्ही तुझा तुला लावता यायला हवा

बंगळुरू,
रविवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा दुपारी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "टीव्ही बंदच आहे गं, बाबा बँकेत गेलेत." त्यावर मी काही बोलले नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. दुपारचा तो एक-दीड तास तुझा असतो. ओटा आवरून झालेला असतो, बाबा पेपर घेऊन आडवे झालेले असतात किंवा बाहेर गेलेले असतात. तेवढ्या वेळात तुला कीर्तन ऐकायचं असतं, मालिकेचा चुकलेला भाग बघायचा असतो. आणि टीव्ही लावून द्यायला कुणी नाही म्हणून तू पडद्याकडे पाठ करून निवडायला बसतेस. हे मला पटत नाही. म्हणून हे पत्र कागदावर लिहिते आहे, मोठ्या अक्षरात. फोनवर "लाल दिवा दिसतोय का, आता सोर्स दाब" असं सांगून आपण दोघीही दमतो. कागद टीव्हीच्या कपाटात राहील, हवा तेव्हा काढता येईल.

बाबा, आधी तुम्हाला एक सांगते, रागावू नका. तुम्ही आईला टीव्ही लावून देता ते मायेनंच. पण तिनं रिमोट हातात घेतला की "राहू दे, तुला नाही जमायचं, सगळं बिघडवशील" हे वाक्य येतं, ते आता बंद करायचं. आईनं आयुष्यभर शिलाई मशीन चालवली. बॉबिन भरणं, टाका सैल-घट्ट करणं, तेलपाणी, सगळं ती स्वतः करते. बायकांच्या भिशीचा हिशोब कधी एका रुपयानं चुकला नाही. अशा बाईला टीव्ही जमत नसेल, तर आपण तिच्यासमोर जे मांडून ठेवलंय त्यात खोट आहे.

आणि मांडलंय तरी काय? टीव्हीचा एक रिमोट, डिशच्या बॉक्सचा दुसरा, बाबांच्या पंचाहत्तरीला आलेल्या साउंडबारचा तिसरा, दादानं आणलेल्या स्टिकचा, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणाऱ्या कांडीचा, चौथा. चार वस्तू चार वेळेला घरात आल्या. चारही एकत्र कशा चालवायच्या याचा विचार कुणी केला नाही. प्रत्येकावर चालू-बंदचं बटण आहे, तिघांवर आवाजाचं आहे, आणि कुठलं कधी दाबायचं हे फक्त बाबांच्या डोक्यात आहे.

टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला बारीक दिवा असतो. त्यातून अवरक्त प्रकाश येतो, साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्या डोळ्यांना 750 च्या आसपास दिसायचं थांबतं, म्हणून तो दिसत नाही. हा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो. त्या ठरावीक गतीमुळे टीव्हीला खोलीतल्या उजेडातून रिमोटचा उजेड वेगळा काढता येतो. आणि त्यानं पाठवलेला निरोप या पत्रासारखाच असतो, आधी पत्ता, मग मजकूर. बॉक्सच्या पत्त्यावर आलेला निरोप टीव्ही वाचत नाही, टीव्हीचा निरोप बॉक्स वाचत नाही. म्हणून आई, तू बॉक्सच्या रिमोटचं बटण कितीही जोरात दाबलंस तरी टीव्ही चालू होत नव्हता. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता.

हा प्रकाश भिंतीतून किंवा लाकडातून जात नाही. बॉक्सच्या पुढ्यात गणपतीची मूर्ती आणि फुलदाणी ठेवली आहे, ती बाजूला सरकवा. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टीव्हीवर येतं, तेव्हा पडदा ओढून घ्या. उन्हातही हाच प्रकाश भरपूर असतो आणि टीव्हीच्या डोळ्याला रिमोटचा निरोप नीट वाचता येत नाही. स्टिकचा रिमोट तेवढा निराळा. तो ब्लूटूथवर, म्हणजे प्रकाशाऐवजी रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळे त्याला समोर धरावंही लागत नाही.

आता गोंधळाचं खरं मूळ. टीव्ही आणि बॉक्स दोघांचंही चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच. समजा टीव्ही बंद केला पण बॉक्स चालूच राहिला. दुसऱ्या दिवशी दोन्हीची बटणं दाबली की टीव्ही चालू होतो आणि बॉक्स बंद. पडद्यावर येतं "नो सिग्नल". पुन्हा दोन्ही दाबली की उलटं होतं. हे चक्र कितीही वेळ चालू शकतं, आणि शेवटी माणूस म्हणतं, जाऊ दे.

यावर उपाय सोपा आहे. बॉक्स बंद करायचाच नाही. दिवसभर चालू राहू द्या, फक्त टीव्ही चालू-बंद करा. बाबा, वीजबिलाचं तुमच्या मनात येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून हिशोबही करून ठेवलाय. बॉक्स 10 वॉटचा धरला तर 24 तासांत 240 वॉट-तास होतात, म्हणजे पाव युनिटही नाही. महिन्याला सात-सव्वासात युनिट. त्यातही रिमोटनं बंद केलेला बॉक्स पूर्ण बंद नसतो, तो थोडी वीज खातच असतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं असेल तर खुशाल करा, पण सकाळी चहाच्या वेळी तुम्हीच ते चालू करून ठेवा. बॉक्सला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. दुपारपर्यंत तो तयार असला पाहिजे.

दुसरं काम साउंडबारचं. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची जी भोकं आहेत, त्यातल्या एकावर एआरसी असं लिहिलेलं असतं, टीव्हीचा आवाज साउंडबारकडे त्यातूनच जातो. साउंडबारची वायर त्याच भोकात हवी, आणि साउंडबारकडच्या बाजूलाही तेच अक्षर बघून लावायची. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय चालू करायची. प्रत्येक कंपनीनं तिचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये ती एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक. एचडीएमआयच्या वायरीत या कामासाठी एक स्वतंत्र तार असते, आणि त्या तारेवरून ही यंत्रं एकमेकांना निरोप देतात. टीव्ही चालू झाला की साउंडबार आपोआप चालू होतो, टीव्हीचा आवाज वाढवला की साउंडबारचा वाढतो. हे एकदा जुळलं की साउंडबारच्या रिमोटची गरज उरत नाही. त्यातले सेल काढा आणि तो खणात ठेवा. सेल आत ठेवून नका ठेवू, पडून राहिलेले सेल गळतात आणि आतल्या पट्ट्या खराब करतात.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या बॉक्सच्या रिमोटवर वरच्या बाजूला चौकटीत काही बटणं आहेत, चौकटीवर टीव्ही असं लिहिलंय. ती आज काहीच करत नाहीत. त्यांना टीव्हीच्या रिमोटचं काम शिकवता येतं. दोन्ही रिमोट टेबलावर टोकाला टोक लावून ठेवायचे, मध्ये दोन बोटांचं अंतर. बॉक्सच्या रिमोटवरचं सेटचं बटण दिवा स्थिर होईपर्यंत धरून ठेवायचं. मग ज्याला शिकवायचं ते बटण दाबायचं, आणि लगेच टीव्हीच्या रिमोटवरचं तेच काम करणारं बटण. दिवा लुकलुकला की शिकून झालं. चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली आणि सोर्स (कुठल्या यंत्राचं चित्र बघायचं ते निवडणारं), या चारही बटणांना शिकवा. बाबा, हे तुम्ही करा. डेपोत असताना वायरिंगचे नकाशे वाचणारा माणूस आहात तुम्ही, अर्ध्या तासाचं काम आहे. अडलं तर शेजारचा मुलगा आहेच.

एवढं झालं की आईच्या हातात एकच रिमोट राहतो, बॉक्सचा. त्यावरनंच टीव्ही लागतो, चॅनल बदलतो आणि साउंडबारचा आवाजही कमी-जास्त होतो. आई, त्यावर तुझी बटणं मी दिवाळीत आले तेव्हा लाल नेलपेंटनं रंगवली होती, ते पुसत आलं असेल तर पुन्हा लाव. टिकली लावू नकोस, घामानं निघते. रंगवलेली बटणं सोडून बाकीच्यांशी तुझा काही संबंध नाही. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जवळची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि रिमोटवरची अक्षरं तर धडधाकट डोळ्यांनाही दिसत नाहीत. रंग मात्र दिसतो.

मला एक गोष्ट वाचून फार बरं वाटलं होतं, ती तुला सांगते. 1956 साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी बिनतारी रिमोट केला. त्यात सेलच नव्हते. आत ॲल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, तो टीव्हीला ऐकू जायचा. चार कांड्या, चार कामं. चॅनल पुढे, चॅनल मागे, आवाज चालू-बंद, टीव्ही चालू-बंद. सेल का नव्हते, तर सेल संपले की लोकांना टीव्हीच बिघडला असं वाटेल, ही कंपनीच्या लोकांची काळजी. वापरणाऱ्या माणसाचा इतका विचार तेव्हा झाला होता. आज एका रिमोटवर चाळीस-पन्नास बटणं असतात आणि त्यातली तुला लागतात मोजून पाच-सहा.

स्टिकचं थोडक्यात. ती बाबांनी बघावी, किंवा नातवंडं आली की. तिच्या रिमोटवरचं घराचं चित्र दाबलं की टीव्ही आपोआप स्टिकवर जातो. बघून झालं की परत बॉक्सवर आणून ठेवायचं, हा नियम घरातल्या प्रत्येकानं पाळायचा, नातवंडांनीसुद्धा. कारण सगळेच बॉक्स सीईसी मानत नाहीत, आपलाही मानत नाही, त्यामुळे परतीची वाट हातानंच करावी लागते. कुणी विसरलं तर आई, तू सोर्स दाब, एकेक थांबत थांबत, बॉक्सचं चित्र दिसेपर्यंत. घाबरू नकोस, सोर्स दाबून काहीही बिघडत नाही.

पडद्यावर "सिग्नल नाही" आलं तर ते कोण म्हणतंय ते बघायचं. नुसतं काळं किंवा निळं, आणि त्यावर एचडीएमआयचा नंबर, तर ते टीव्ही म्हणतोय. म्हणजे बॉक्सचं चित्र त्याच्यापर्यंत आलेलं नाही. बॉक्सचा दिवा बघायचा आणि सोर्स दाबायचं. पण कंपनीचं चिन्ह आणि लांबलचक सूचना असेल तर ते बॉक्स म्हणतोय, आणि मग खोट गच्चीवरच्या छत्रीकडे आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे होणारच. ज्या लहरींवर डिश चालते त्या मुसळधार पावसात शोषल्या जातात. अशा वेळी रिमोटला हातच लावू नका. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. पावसात वैतागून बटणं दाबली जातात आणि मग ऊन पडलं तरी टीव्ही लागत नाही.

सेलबद्दल बाबांना. रिमोट तळहातावर आपटला किंवा सेल फिरवले की तो थोडा वेळ चालतो, कारण सेलचं टोक पट्टीवर घासून पुन्हा चिकटतं. ताकद मात्र वाढत नाही. सेल उन्हात ठेवल्यानंही भरत नाहीत. बारीक पेन्सिल सेल अल्कलाइनचे आणा, दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा असं करू नका. रिमोट चालतोय की नाही हे बघायचं असेल तर मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्यापुढे धरून बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट ठीक आहे. स्टिकच्या रिमोटला ही परीक्षा लावू नका, तो ब्लूटूथवर आहे.

आणि एक गोष्ट दोघांनीही लक्षात ठेवा. काही केल्या टीव्ही लागला नाही तर कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. खोटे नंबर टाकून बसलेले लोक फोनवर गोड बोलून मोबाइलमध्ये ॲप घ्यायला लावतात आणि खातं रिकामं करतात. बॉक्सच्या पावतीवरचा नंबर मी या कागदाच्या मागे लिहिलाय, तेवढाच लावायचा. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. चुकून काही झालंच तर लगेच 1930 ला फोन करायचा, आणि मला नंतर.

बाबा, टीव्हीच्या मागचा फोटो काढून पाठवा, कुठली वायर कुठल्या भोकात आहे ते मला दिसलं पाहिजे. प्लग काढून, दिवा लावून काढा. आणि पुढच्या आठवड्यात रोज दुपारी तुम्ही वाचनालयात जा. आई, त्या वेळात टीव्ही तू लाव. अडलीस तर मला फोन कर, मी जेवणाची सुट्टी त्याच वेळेला घेते आहे. लागला तर मात्र फोन करू नकोस, तुझं कीर्तन ऐक.

दादाला हेच पत्र फोटो काढून पाठवलंय. त्याला सांगितलंय की आता घरात नवी वस्तू आणायची असेल तर आधी आईला विचारायचं.

गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे. बाबांनी संध्याकाळचं चालणं सोडू नये.

तुमची,
चिमी