बाबांची जागल आणि सपरीतली सतरंजी

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "पाहू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, हरभऱ्याची जागल यंदा तुम्ही करायची नाही. काकांशी बोलणं झालं आहे. ते त्यांच्या वावरात जातातच, आपलंही पाहतील, सोबतीला एक पोरगा घेतील. त्याचे पैसे मी देऊन टाकले. तुम्हाला न विचारता केलं म्हणून राग येईल, येऊ द्या. पण १६०/१०० बीपी निघालेला माणूस थंडीत मचाणावर बसून रात्रभर रानडुकरं हाकलतो, या विचारानं मला इथे नागपुरात झोप लागत नाही. वावर सोडा असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. दिवसा जा, ओलित पाहा, कुठे काय पेरायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त रात्र घरात काढा.

दुसरं, सोमवारपासून शेजारच्या वहिनी सकाळी तुम्हा दोघांना योग शिकवायला आपल्या सपरीत येतील. त्या माहेरी असताना इथल्या जनार्दन स्वामींच्या योगाभ्यासी मंडळात शिकल्या आहेत. तिथे योग फुकट शिकवतात, म्हणून त्याही पैसे घेणार नाहीत. आई, सांबारवडी केलीस की त्यांच्याकडे पाठव, एवढं पुरे.

२१ जूनला शाळेच्या मैदानात पोरं करतात तसलं हे नाही. वाकून पायाचे अंगठे धरायचे नाहीत. आई, दिवसभर ओटी बांधून कापूस वेचतेस, मान खाली ती खालीच. तुझे खांदे आता झोपेतही कानाशी चढलेले असतात, दिवाळीत तुझ्या शेजारी झोपले तेव्हा पाहिलं मी. श्वास घेताना खांदे वर, सोडताना अलगद खाली, एवढंच करायचं. मान गोल फिरवायची नाही, डावीकडे-उजवीकडे हळू वळवायची. मग पाठीवर पडून पिंडऱ्या बाजेवर ठेवायच्या आणि पडून राहायचं. वेचणीनं धरलेली कंबर त्यानं मोकळी होते. पवनमुक्तासन एकेका पायानं, गुडघा येईल तेवढाच पोटाशी घ्यायचा.

बाबा, तुमचा ताण जबड्यात असतो. २०१७ च्या बोंडअळीपासून तुम्ही दातावर दात दाबून झोपता, हे आईला माहीत आहे, मलाही. तुमच्यासाठी भ्रामरी. नाकानं श्वास घ्यायचा, ओठ मिटायचे पण आत दात सुटे ठेवायचे, आणि भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. म्हणून जीव निवतो.

शेवटी शवासन. तुम्हाला कसं वाटतं असं विचारलं की तुम्ही कापसाचा भाव सांगता, बाबा. कितीतरी वर्षं असंच चाललं आहे. वहिनी विचारतील, पाय जड वाटतात का, जबडा सैल आहे का, पोट वरखाली होतं का. उत्तर कोणाला द्यायचं नाही, आपलं आपणच पाहायचं. तेवढा वेळ ना सोसायटीचा हप्ता, ना माझी काळजी. हे तुम्हाला नवं नाहीच. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक ध्यानाला तुम्ही पहाटे मला खांद्यावर बसवून न्यायचे. मी तुमच्या धोतराचा सोगा ओढून झोपायची, आणि तुम्ही डोळे मिटून इतके शांत बसायचे की मी मधेच उठून तुमच्या नाकापुढे हात धरून पाहायची. ते बाबा मला पुन्हा पाहायचे आहेत.

आता नीट ऐका. कपालभाती, भस्त्रिका करायची नाही, श्वास कोंडून धरायचा नाही, टीव्हीवर कोणी काहीही सांगो. बीपी असलेल्यांसाठी ते नाही. डोकं खाली, पाय वर असलं काही नको. उपाशीपोटीच करायचं, जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्यायचे. शवासनातून ताडकन उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधारानं बसायचं, नाहीतर बीपीच्या गोळीमुळे चक्कर येईल. आणि ती गोळी चालूच राहील. बरं वाटायला लागलं म्हणून बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. छातीत दुखलं, दम लागला तर थांबायचं आणि काकांना हाक मारायची.

फरशी गार असते म्हणून जाड सतरंजी आणि दोन लोकरी शाली बसनं पाठवल्या आहेत. गुडघ्यांखाली ठेवायला आजीची गोधडी गुंडाळून घ्या, ती मऊ आहे. आई, "पाहुण्यांसाठी राहू दे" म्हणून सतरंजी पेटीत टाकू नकोस. सकाळचा चहा वहिनी गेल्यावर. तोपर्यंत गाय हंबरली तरी बाबांनी उठायचं नाही, मी गड्याला सांगितलं आहे.

दर सोमवारी आशाताईंकडून बीपी मोजून घ्या. आकडा मला आईनं सांगायचा, बाबांनी नाही.

तुमची,
पोर